कंसातलं गाव आणि बोटांवरचा नाच

महाराष्ट्रात तळेगावांचा तुटवडा नाही. दाभाड्यांचं आहे, ढमढेऱ्यांचं आहे, संगमनेरकडे दिघ्यांचं आहे, आणि नदीपलीकडे अमरावती जिल्ह्यात शंकरपटासाठी गाजलेलं दशासर आहे. आमच्याच वर्धा जिल्ह्यात टालाटुल्यांचं म्हणून आणखी एक आहे. आमचं तळेगाव श्यामजी पंतांचं. पण इतरांची आडनावं गावाच्या मागे मोकळी हिंडतात आणि आमचे पंत मात्र सरकारी कागदावर कंसात बसलेले असतात. कंसातला मजकूर वाचला नाही तरी चालतो, अशी पोस्टापासून पाहुण्यांपर्यंत सगळ्यांची समजूत आहे. त्यामुळे लग्नपत्रिका आधी पुणे जिल्हा बघून येते आणि मग लग्न झाल्यावर आमच्याकडे पोचते.

गाव नागपूर-अमरावती महामार्गावर आहे. सत्याग्रही घाटात ज्यांना डुलकी लागली त्यांना ते आलेलं कळत नाही. जे जागे असतात ते आर्वीकडे किंवा आष्टीकडे वळायचं म्हणून इथे उतरतात, संत्र्याचा भाव विचारतात, महाग आहे म्हणतात आणि घेतात. जग आमच्या दारावरून रोज जातं. पण कलावंतांनी इथे मुक्काम करून कला दाखवावी, असा योग कमी. मोठमोठे गायक-नर्तक नागपूरच्या कार्यक्रमाहून अमरावतीच्या कार्यक्रमाला जाताना आमच्या स्टँडवर चहा पिऊन गेले असतील. पण चहा पिताना कलावंत आणि विमा एजंट सारखेच दिसतात.

अशा या गावात मागच्या हिवाळ्यात एक आंतरराष्ट्रीय नृत्यमंडळी आली. म्हणजे मोबाइलवर आली.

याला कारण वैद्यकीय शिक्षण. विदर्भात पूर्वी जॉर्जिया म्हटलं की एखाद्या जुन्या कम्युनिस्टाला स्टॅलिन आठवायचा, कारण स्टॅलिन तिथल्या गोरी गावचा. आता जॉर्जिया म्हटलं की फी आठवते. नीटमध्ये मार्क बसले, पण इथल्या कॉलेजात बसले नाहीत, अशी हजारो भारतीय पोरं तिबिलिसीत, बाटुमीत आणि कुटाईसीत एमबीबीएस करतात. कुणाचा भाचा, कुणाची पुतणी, कुणाच्या साळ्याचं पोट्टं. त्यातलाच आमच्या आळीतला एक होतकरू डॉक्टर तिथल्या राष्ट्रीय नृत्यमंडळीचा कार्यक्रम पाहून आला. त्याने तिथल्या थंडीचा फोटो, भाताचा फोटो आणि नाचाचे सहा व्हिडिओ घरच्या ग्रुपवर टाकले. भाताच्या फोटोला सगळ्यांनी डोळ्यांत पाणी आणणारी चिन्हं पाठवली. नाचाचे व्हिडिओ मात्र ग्रुपमधून निसटून चहाच्या टपरीवर गेले आणि तिथे त्यांची समीक्षा झाली.

समीक्षक मंडळ असं होतं: टपरीवाले भाऊ, निवृत्त पीटी गुरुजी, एक माजी सरपंच, आणि आबाजी. आबाजींचा अधिकार मोठा. ऐन तारुण्यात त्यांनी दंडारीत बाईचं काम केलेलं आहे. विदर्भातल्या या रात्रभराच्या नाचगाण्याच्या खेळात बाईचं सोंग पुरुषच घेत. आबाजी नऊवारी नेसून उभे राहिले की पुढच्या ओळीतले लोक बिडी विझवत, असं ते स्वतः सांगतात. दुसऱ्या साक्षीदारांपैकी आता कुणी उरलेलं नाही.

पहिल्या व्हिडिओत दहा-बारा तगडे पुरुष धावत आले आणि थेट पायाच्या बोटांच्या टोकांवर उभे राहून नाचू लागले. बॅले करणाऱ्या बाया बोटांवर उभ्या राहतात, पण त्यांच्या बुटाच्या टोकात कडक ठोकळा असतो. जॉर्जियन पुरुषांच्या पायात साधे मऊ कातडी बूट, आत ठोकळा-बिकळा काही नाही. बोटं दुमडून त्यांवर उड्या मारायच्या, वर हवेतून खाली यायचं ते गुडघ्यांवर, आणि गुडघ्यांवरच गरागरा फिरायचं. टपरीवर शांतता पसरली. गुरुजींनी आयुष्यभर पोरांना ‘टाचा जुळवा’ सांगितलं होतं; टाचांची गरजच नसलेला देश त्यांनी प्रथमच पाहिला.

आबाजींनी फक्त एक तांत्रिक प्रश्न विचारला. “याईले नखं पुन्हा कवा येतात म्हणा?”

माजी सरपंचांचं लक्ष पोशाखाकडे होतं. त्या लांब अंगरख्याला चोखा म्हणतात, आणि छातीवर दोन्ही बाजूंनी नळकांड्यांची रांग शिवलेली असते. पूर्वी त्यांत बंदुकीच्या बारुदाची मापं ठेवत. सरपंचांना त्या पेना वाटल्या. “इतक्या पेना तं ग्रामसेवकापाशी बी नाई,” ते म्हणाले, “आन् तरी दाखला भेटत नाई.”

या मंडळीचं नाव सुखिश्विली. इलिको सुखिश्विली आणि त्याची बायको निनो रामिश्विली या नर्तक जोडप्याने ती १९४५ मध्ये तिबिलिसीत उभी केली. त्याच्या दहा वर्षं आधी, १९३५ मध्ये, इलिको लंडनच्या आंतरराष्ट्रीय लोकनृत्य महोत्सवातून बक्षीस घेऊन आला होता. आज मंडळी त्यांच्या नातवंडांकडे आहे. नवरा-बायकोने काढलेली संस्था तिसऱ्या पिढीपर्यंत एकसंध राहिली, हे त्यांच्या बोटांवरच्या नाचापेक्षा अवघड काम आहे. आमच्याकडे एका आळीत एक गणेश मंडळ असेल तर तिसऱ्या वर्षी तिथे दोन असतात. त्यातल्या एकाच्या नावात ‘नवयुवक’ असतं आणि त्याचा अध्यक्ष पन्नाशीचा असतो.

मिलानच्या ला स्काला या ऑपेराच्या तीर्थक्षेत्री १९६७ मध्ये सुखिश्विली नाचले, तेव्हा टाळ्यांसाठी पडदा चौदा वेळा वर न्यावा लागला, असं त्यांच्या इतिहासात अभिमानाने सांगतात. मी हे टपरीवर वाचून दाखवलं. आबाजींना त्यात विशेष वाटलं नाही. दंडारीला पडदाच नसतो. तिथे पहाटे प्रेक्षक उचलावे लागत. सतरंजीवर आडवे झालेले, पोरं पोटाशी घेतलेले, काही तर कथेतला राजा वनवासाला निघाला तेव्हापासून झोपलेले. राजा परत आल्यावर त्यांना हलवून सांगावं लागे की आला बरं, चला घरी.

इथे मला थोडं थांबून आकडे मांडायचे आहेत, कारण विदर्भात आकड्यांशिवाय अन्याय सिद्ध होत नाही. जॉर्जिया हा देश ६९,७०० चौरस किलोमीटरचा. विदर्भ ९७ हजारांच्या वर. जॉर्जियाची लोकसंख्या २०१४ च्या मोजणीत ३७ लाख. आमचा वर्धा जिल्हा २०११ मध्ये १३ लाखांचा, म्हणजे तीन वर्धा जिल्हे जोडले की देश होऊन वर माणसं उरतात. एकट्या नागपूर जिल्ह्यात जॉर्जियापेक्षा नऊ लाख माणसं जास्त. एवढ्याशा देशाला स्वतःची ३३ अक्षरांची लिपी आहे, आणि ओल्या मातीवर कोंबडी चालून गेली असं जिच्याबद्दल आमच्या डॉक्टरांच्या वडिलांचं मत आहे त्या लिपीत छापलेली फीची पावती आहे. स्वतःची दारू आहे, जी ते आठ हजार वर्षांपासून मातीच्या रांजणात आंबवतात, आणि ते रांजण जमिनीत पुरलेले असतात. आणि प्रत्येक खोऱ्याचा वेगळा नाच आहे. माजी सरपंचांनी हे ऐकून घेतलं आणि वेगळ्या विदर्भाच्या मागणीत आजवर नाचाचा मुद्दा कुणीच घेतला नाही, याबद्दल खेद व्यक्त केला.

दुसरा व्हिडिओ तलवारींचा होता. डोंगरातल्या खेवसूर लोकांचा नाच. ढाल-तलवारीने दोन गडी खरोखरीच्या ठिणग्या पाडत भिडतात, आणि मग एक बाई मध्ये येऊन डोक्यावरचा रुमाल दोघांच्या मधे टाकते. रुमाल पडला की लढाई बंद. तो रुमाल ओलांडून वार करायचा नाही, अशी तिकडची रीत.

टपरीवाल्या भाऊंना हे पटेना. त्यांची पाच एकर शेती आहे आणि शेजाऱ्याशी धुऱ्यावरून तीन तपांचा वाद. “आपल्याइकडे जमत नाई हे,” ते म्हणाले. “धुऱ्यावर रुमाल टाकला तं समोरचा म्हणते, रुमाल माह्या हद्दीत पडला. मग रुमालाची मोजणी मागा.”

पुढे ‘खोरुमी’ होता, अजारिया भागातला युद्धनाच. त्याचा ताल पाच मात्रांचा. गुरुजींनी मांडीवर मोजायला सुरुवात केली. चौथ्या मात्रेनंतर त्यांचा हात सवयीने समेवर यायचा आणि जॉर्जियन सैन्य एक मात्रा पुढे निघून गेलेलं असायचं. दोन-तीनदा असं झाल्यावर त्यांनी जाहीर केलं की लेझमीचे ‘चार आवाज’ आणि ‘आठ आवाज’ हेच शास्त्रशुद्ध, पाच हा आकडा पंचायतीला ठीक आहे.

खरी गर्दी झाली ती ‘किंतौरी’ला. जुन्या तिबिलिसीच्या बाजारात किंतो नावाचे फिरते विक्रेते असत. डोक्यावर फळांचं ताट, जिभेवर साखर, आणि कमरेला रेशमी रुमाल. फळं त्या रुमालात बांधून तोलायची. हा नाच त्यांची थट्टा करतो. खांदे उडवणं, गिऱ्हाइकाभोवती गिरकी घेणं, मध्येच नाराज होऊन निघून जाणं आणि परत येणं. हे बघताना आमच्या स्टँडवरच्या संत्रेवाल्यांच्या चेहऱ्यावर ओळखीचं हसू आलं. त्यांचाही नाच काही कमी नाही. बस थांबायच्या आत टोपली खिडकीशी नेणं, एक फोड सोलून “चव घ्या, पैसे नका देऊ” म्हणणं, “आंबट लागलं तं फेकून द्या” हे म्हणताना मान विशिष्ट कोनात वळवणं, आणि बस सुटल्यावर सुट्टे पैसे देण्यासाठी तिच्यामागे मनापासून, पण पोचणार नाही इतक्याच वेगाने धावणं. याला कुणी पोशाख शिवला आणि तीन मिनिटांत बसवला, तर मिलानला पाठवण्यालायक ऐवज आहे.

तीन मिनिटांत बसवला तर. सगळं त्या ‘तर’मध्ये आहे.

कारण लोकनृत्याचं एक गणित माझ्या लक्षात आलेलं आहे. नाच घरापासून जितका दूर जातो तितका तो आखूड होतो, आणि त्याची प्रस्तावना तितकी लांब होते. दंडार गावात होती तेव्हा रात्र पडल्यावर सुरू होऊन तांबडं फुटेपर्यंत चाले आणि प्रस्तावनेत एवढंच असे की “बसा बे खाली.” तीच लोककला नागपूरला दक्षिण मध्य क्षेत्र सांस्कृतिक केंद्राच्या मंचावर गेली की तिला मिनिटं मिळतात. हे केंद्र १९८६ मध्ये सुरू झालं आणि त्याने अनेक राज्यांतले लोककलाकार नागपूरकरांना दाखवले, याबद्दल मला आदरच आहे. पण तिथल्या निवेदिका “मातीशी नाळ जोडलेली” असं म्हणत असतात तेव्हा विंगेत उभा राहिलेला ढोलकीवाला मनातल्या मनात कथेतल्या राजाची दोन लग्नं कापत असतो. दिल्लीला तोच खेळ जातो तेव्हा राजाला एकही राणी उरत नाही. परदेशी गेला तर राजाही जातो. उरते ती ढोलकी, फेटे आणि शेवटची उडी.

जॉर्जियाचंही तसंच झालेलं असणार. त्यांच्याकडे ‘सुप्रा’ नावाची पंगत असते. तमादा नावाचा एक अनुभवी गृहस्थ ती चालवतो. तो उठून दर वेळी कुणाच्या तरी नावाने भाषण करतो आणि मग सगळे पितात. पूर्वजांसाठी, पाहुण्यांसाठी, मेलेल्यांसाठी, अजून जन्मायच्या असलेल्यांसाठी. अशा पंगतीत मध्येच कुणी उठून नाचला तर त्याला घड्याळ कोण लावणार? मंडळी दौऱ्यावर निघते तेव्हा लग्नातला, युद्धातला आणि बाजारातला नाच दोन तासांत एकापाठोपाठ एक उरकतो. तोफांच्या मागून नवरदेव आणि नवरदेवाच्या मागून फळवाला. परदेशी प्रेक्षक समजतो की या देशात सगळे लोक सदैव धावत असतात.

आणि मान? तोही अंतराच्या प्रमाणात वाढतो. गावात ढोलकी वाजली की शेजारचे म्हणतात, “काय लावलं हे रात्रीचं?” तालुक्याला म्हणतात ‘करमणूक’. मुंबईत ती ‘लोककला’ होते. विमानात बसली की ‘समृद्ध वारसा’. वारसा म्हणजे मेलेल्याची मागे राहिलेली मालमत्ता, हे आम्हा शेतकऱ्यांना सातबाऱ्यामुळे ठाऊक आहे. त्यामुळे हा शब्द कानावर पडला की आबाजी स्वतःची नाडी बघतात.

परदेश म्हणजे तरी काय, हा प्रश्न निघाला तेव्हा आबाजींनी आमचा भूगोल सुधारला. त्यांचे वडील दंडारीत राजा होत आणि ती मंडळी तिवशाच्या बाजूला खेळ करायला जाई. मधे वर्धा नदी. १८०३ च्या देवगावच्या तहात ही नदी सीमा ठरली. अलीकडे नागपूरकर भोसले, पलीकडे निजामाचं वऱ्हाड. पुढे इंग्रजांनी १८५३ मध्ये वऱ्हाडचा कारभार स्वतःकडे घेतला. भोसल्यांचं राज्य तर त्यांनी पुढच्याच वर्षी खालसा करून टाकलं. तरी वऱ्हाड नावापुरतं निजामाचंच राहिलं. इतकं की १९३६ मध्ये निजामाच्या थोरल्या मुलाला ‘प्रिन्स ऑफ बेरार’ म्हणायचं ठरलं. म्हणजे आबाजींचे वडील बंडीत ढोलकी टाकून नदी उतरत, तेव्हा ते कायद्याने हैदराबादच्या मुलखात प्रवेश करत होते. विनापासपोर्ट, विनाव्हिसा, आणि बैलांनाही कल्पना न देता.

“परदेशात कसं वाटायचं त्यांना?” मी विचारलं.

“तिकडचे लोक बिदागी कमी देत, पण वरण दुसऱ्यांदा वाढत,” आबाजी म्हणाले.

दौरा करून आलेल्या कुठल्याही कलावंताला विचारा, आठवण खाण्याचीच निघते. मराठी मंडळी नाटकासाठी, ढोल-ताशासाठी, महाराष्ट्र मंडळांच्या गणपतीसाठी जगभर जातात. परत आल्यावर त्यांच्या बोलण्यात रंगमंच एका वाक्यात संपतो आणि “तिथे एका घरी भरली वांगी मिळाली हो” यावर पाऊण तास जातो. जॉर्जियन मंडळी भारतात आली तर तीही घरी जाऊन हेच सांगत असतील की टाळ्या ठीक होत्या, पण चीज घातलेली आपली खाचापुरी कुठे नव्हती आणि पोळी नावाच्या पातळ वस्तूत काहीच भरलेलं नव्हतं. त्यांना कुणीतरी पुरणपोळी दाखवायला हवी.

दौऱ्याच्या सामानाचा मात्र आदर्श आमच्याच रस्त्यावर आहे. तळेगावहून अमरावतीकडे निघालं, तिवसा मागे टाकलं की गुरुकुंज मोझरी लागते. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचा आश्रम. महाराज १९५५ मध्ये जपानला विश्वधर्म परिषदेला गेले. सोबत काय? खंजिरी. एका हातात मावते, वजन काही नाही, सूर लावायला माणूस लागत नाही आणि दुसऱ्या हाताने नमस्कार करता येतो. आज एखादं पथक परदेशात निघालं की ढोलांच्या भाड्यात दोन माणसांचं तिकीट निघतं, आणि मग कमिटीत चर्चा होते की ढोल न्यायचे की माणसं. बहुतेक वेळा ढोल जिंकतात, कारण माणसं तिथेही मिळतात.

सगळ्यात कमी सामानात सगळ्यात लांबचा दौरा कुणाचा, हेही सांगून टाकतो. अमेरिकेने १९७७ मध्ये व्हॉयेजर नावाची दोन यानं सोडली. त्यांच्यावर सोन्याचा मुलामा दिलेली तबकडी आहे, पृथ्वीवरचं संगीत भरलेली. त्यात जॉर्जियाचं ‘चाक्रुलो’ हे पुरुषांनी तीन आवाजांत म्हटलेलं लोकगीत आहे, आणि त्याच तबकडीवर गोव्यातल्या केरीच्या सूरश्री केसरबाई केरकर आहेत, भैरवीतल्या ‘जात कहाँ हो’सह. म्हणजे आमची बाई आणि जॉर्जियाची गडीमंडळी पंचेचाळीस वर्षांहून जास्त काळ एकाच गाडीने प्रवास करताहेत, ताऱ्यांमधल्या मोकळ्या अवकाशात पोचलेत, आणि केसरबाई अजून विचारताहेत की चाललात कुठे. इथेही दौऱ्याचा नियम पाळलेला आहेच. ज्या बाईंची मैफल तासन्‌तास चाले, त्यांना तबकडीवर मिळाली साडेतीन मिनिटं.

तर असं सगळं चर्चून झालं. आणि एके दिवशी तिबिलिसीहून फोन आला. तिथल्या विद्यार्थ्यांचा सांस्कृतिक कार्यक्रम ठरला होता. पंजाबवाले भांगडा करणार, केरळवाल्यांचं ठरलेलं, गुजरातेत तर जन्मतःच ठरलेलं असतं. महाराष्ट्राच्या पोरांनी लेझीम करावी असं सर्वानुमते ठरलं होतं आणि लेझीम कुणाकडेच नव्हती. “काका, दहा लेझमी पाठवा,” आमचा डॉक्टर म्हणाला. वेळ किती मिळणार, असं विचारलं तर म्हणाला, चार मिनिटं.

जवळच्या एका गावच्या शाळेत लेझमी होत्या. कपाटात, वरच्या खणात, १५ ऑगस्टची वाट बघत. मुख्याध्यापक सर सज्जन माणूस. पण लेझमी डेडस्टॉक रजिस्टरवर चढलेल्या. “परदेशात चालल्या म्हणता,” ते म्हणाले, “तर मागणीअर्ज द्या. आणि वस्तू केव्हा परत येणार ते लिहा.” मी अर्ज लिहिला. प्रयोजनाच्या जागी ‘आंतरराष्ट्रीय सांस्कृतिक आदानप्रदान’ असं लिहिलं. सरांनी ते वाचून खोडलं आणि ‘सराव’ लिहिलं. पहिल्याला वरून मंजुरी लागली असती.

पीटी गुरुजींनी तालीम व्हिडिओ कॉलवर घेतली. इकडे ते अंगणात, तिकडे पोरं हॉस्टेलच्या गच्चीत स्वेटर घालून, हातात लेझमीऐवजी छत्र्या. नेट अडकलं की गुरुजी बैठक मारून तसेच थिजून राहायचे. एकदा नेट लवकर आलं नाही आणि गुरुजीही लवकर उठले नाहीत. तेव्हा कळलं की नेट ठीक होतं, गुडघा गेला होता.

सामान नेणारी आर्वीची एक पोरगी, सुट्टीहून परत निघालेली. तिची बॅग भरताना तिच्या आईसमोर पेच पडला. एकीकडे वर्षाचं तिखट, सांडगे, चिवडा, शेवया. दुसरीकडे महाराष्ट्राची लोककला. वजनकाट्यावर दोन्ही बसेनात. आईने चिवडा काढला नाही. दहातल्या चार लेझमी काढल्या आणि उरलेल्या सहा तिखटाच्या पिशव्यांमध्ये घट्ट बसवल्या, म्हणजे फुटायला नको. लेझमी नव्हे, पिशव्या.

विमानतळावर यंत्राच्या पडद्यावर लाकडी दांडे, लोखंडी साखळ्या आणि मधे लाल पूड असं चित्र उमटलं. बॅग उघडायला लावली. काय आहे म्हणून विचारलं. सांगून समजेना, तेव्हा पोरीने एक लेझीम हातात घेऊन तिथेच चार आवाज करून दाखवले. मागच्या रांगेतल्या एका सातारकराने नकळत पाय उचलला. तपासणाऱ्या बाईंनी हसून बॅग बंद केली. आमच्या लेझमीचा पहिला आंतरराष्ट्रीय प्रयोग तो हाच: वेळ पंधरा सेकंद, प्रस्तावना वीस मिनिटांची.

तिबिलिसीचा कार्यक्रम चांगला झाला म्हणतात. सहा लेझमी आणि चार छत्र्या. शेवटी यजमानांची दोन पोरं मंचावर चढली आणि त्यांनी लेझीम मागून घेतली. व्हिडिओत दिसतं ते असं की हात लेझमीचे आहेत आणि पाय बोटांवर. गुरुजींनी ते दहादा पाहिलं. “पावलं चुकीची हाय,” ते म्हणाले, “पण चूक एकसारखी करून राहिले.” त्यांच्या तोंडून इतकी स्तुती मी कधी ऐकली नव्हती.

मग यजमान पोरांनी आपला नाच दाखवला. ‘कार्तुली’, लग्नाचा, एक पुरुष आणि एक बाई. बाई अशी सरकते की झग्याखाली पाय आहेत की नाही कळत नाही, नजर खाली. पुरुष भोवती फिरतो, छाती ताठ, आणि त्याने तिला स्पर्श करायचा नाही. तिच्या कपड्याची किनारसुद्धा त्याला लागता कामा नये. हा व्हिडिओ आमच्या डॉक्टरच्या आईने सगळ्यात जास्त वेळा पाहिला. मुलगा सहा वर्षांसाठी गेलेला, तिकडच्या पोरी देखण्या, वहिनींच्या जिवाला घोर. त्यांनी मला दोनदा विचारून घेतलं, “भाऊजी, नक्की हात लावत नाई ना?” नियमच आहे म्हटल्यावर त्यांनी लगेच मुलाला फोन लावला आणि इतर नाच शिकायचे असतील तर अभ्यास संपल्यावर शिक, पण हा आत्ता शिकून घे, असं सांगितलं.

भानगड झाली ती रजिस्टरची. पोरांनी दोन लेझमी यजमानांना भेट देऊन टाकल्या होत्या. उरलेल्या चार परत आल्या, त्यांना अजून तिखटाचा वास येतो. सरांनी रजिस्टर उघडलं. वस्तू कमी झाली की ती निर्लेखित करावी लागते आणि त्याला कारण द्यावं लागतं. फुटली, हरवली, चोरीला गेली, जळाली, वाळवी लागली. ‘जॉर्जियाला भेट’ असा रकाना नाही. हरवली लिहावं तर पगारातून कापतात. चोरीला पोलिसांचा कागद लागतो. जळाली म्हणावं तर शाळा जळाली का, म्हणून विचारतात. सरांनी बराच वेळ पेन हातात धरलं आणि मग स्वच्छ अक्षरात ‘वाळवी’ असं लिहून सही केली.

“सर, लेझमीला वाळवी?” मी म्हणालो. “साखळी लोखंडाची असते.”

“दांडा लाकडाचा असते ना पण,” सर म्हणाले, “आन् साखळी एकटी काय करन?”